सात नंबर वाढून राहिला

लोक विचारतात, तुम्ही नोकरीत नेमकं काय करायचे? मी सांगतो, रोज संध्याकाळी ठरलेले काही तारे दुर्बिणीतून पाहायचो आणि ते कालच्यापेक्षा मंद आहेत की उजळ, हे वहीत लिहायचो. समोरचा मान डोलावतो आणि मग हमखास विचारतो, "ते ठीक आहे, पण ड्युटी काय होती?" माझ्या सासऱ्यांनीही मुलगी देण्याआधी हेच विचारलं होतं. आता कॉलेजातली नोकरी कायम आहे म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. आधीचं काम त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

या अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांना गमतीजमती हव्या होत्या. गमती आहेत, त्या सांगतो. पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यात गंमत नाही, आणि तीच सांगायची म्हणून मी हो म्हटलं. त्या गोष्टीत मी चांगला माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कुणी मला फसवलं म्हणू नये.

मी सौंसरचा, म्हणजे नागपूरच्या वर, सीमेपलीकडच्या हिंदी मुलखातला. ऐंशीच्या दशकात बाहेरच्या एका संस्थेनं रामाकोन्याच्या अलीकडे एका बरडीवर छोटंसं निरीक्षण केंद्र काढलं. बरड म्हणजे आमच्याकडची मुरमाड, उघडी जमीन, जिच्यात काही पिकत नाही. खाली संत्र्याच्या बागा, पलीकडे कपाशी, आणि वर अंधार असा की स्वतःचा हात दिसू नये. दोन खोल्या, टिनाचं सरकतं छप्पर, एक मोठी दुर्बीण फोटो काढायला आणि एक लहान दुर्बीण डोळ्यांनी पाहायला. बसचा कंडक्टर आमचा थांबा आला की ओरडायचा, "चला, तारवाले उतरा." आमच्या भागात अर्धं बोलणं हिंदीचं, आणि तार म्हणजे टेलिग्राम. त्यामुळे एकदा एक म्हातारा दोन कोस चालत बरडीवर आला, नागपूरच्या पोराला तार करायची म्हणून. मी त्याला समजावलं, मग राहवेना म्हणून शनी दाखवला, शनीची कडी दाखवली. त्यानं मन लावून पाहिलं. मग म्हणाला, "हे झकास हाये जी. पण तार कधी पोचंल?" दुसऱ्या दिवशी मी सौंसरच्या पोस्टात जाऊन त्याची तार केली. माझ्या नोकरीत लोकांच्या कामी आलेलं असं ते एक काम.

आता धंद्याचं थोडं सांगतो. आम्ही पाहायचो ते तारे तरुण होते. तरुण म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबानं. ज्या धुळीतून जन्मले ती धूळ अजून अंगाला चिकटलेली आहे, असे. वय झालेल्या ताऱ्याचा भरवसा असतो. आपला सूर्य बघा, काल होता तेवढाच आज. तरुणांचं तसं नाही. आज मंद, चार दिवसांनी उजळ, परत मंद. कधी समोरून धुळीचा पडदा जातो, कधी अंगावर मोठाले डाग येतात. हे सगळं सावकाश चालतं. पण मधूनच एखाद्याला झटका येतो. त्याच्या पृष्ठभागावर भडका उडतो आणि तारा तुमच्या डोळ्यांदेखत दोन-चार मिनिटांत चढतो. आमचे साहेब म्हणायचे, भडका चढतो झरझर, उतरतो त्याहून सावकाश, पण माथ्यावर थांबत नाही. थांबला तर तो भडका नव्हे, तुमची चूक आहे. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. पुण्याकडचे. कामाला वाघ आणि मराठीचे फार कडक. चिठ्ठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर आधी ते दुरुस्त करून मग चिठ्ठी वाचायचे.

डोळ्यांनी तेज मोजायची रीत सोपी आहे. आपल्या ताऱ्याच्या आजूबाजूला न बदलणारे तारे असतात. त्यांना आम्ही क, ख, ग अशी नावं दिली होती, क सगळ्यांत उजळ. आपला तारा ख पेक्षा वर आहे का, ग एवढा आहे का, एवढं ठरवायचं आणि घड्याळ पाहून लिहायचं. कालची नोंद दिसू नये म्हणून वहीच्या पानावर पुठ्ठा ठेवलेला असायचा, कारण डोळा मोठा लबाड असतो, कालचं वाचून आज तेच पाहतो. शेवटी शेऱ्याचा रकाना. तो ज्याला जसा सुचेल तसा, आपल्या बोलण्यात लिहावा, असा साहेबांचाच नियम होता. दुर्बिणीला डोळा लावून शब्द शोधत बसायला वेळ कुठला! आणि शेवटचा नियम असा की लिहिलेलं खोडायचं नाही. खोडायचंच झालं तर लाल शाईची एक रेघ, खाली कारण, आणि केंद्रातल्या दोघांच्या सह्या.

मोठ्या दुर्बिणीचं काम याहून मजेचं. तिला फोटोच्या काचा लागायच्या. दहा मिनिटं काच उघडी ठेवायची, मग झाकण बंद करून दुर्बीण केसभर सरकवायची, आणि त्याच काचेवर पुन्हा दहा मिनिटं. असं पाचदा. काच धुतली की प्रत्येक ताऱ्याचे पाच ठिपके ओळीत दिसायचे. पाचही सारखे असले तर काही झालं नाही. एखादा ठिपका शेजाऱ्यांपेक्षा जाडा दिसला, की त्या दहा मिनिटांत तारा भडकला. शेकडो ओळींत एक जाडा ठिपका शोधायचा. माझे चष्म्याचे नंबर तिथेच वाढले.

आम्ही हंगामी निरीक्षक दोघं होतो. मी आणि प्रमिला गजभिये. प्रमिला सौंसरच्याच बौद्ध वस्तीतली, वडील संत्र्याच्या बागेत कामाला, स्वतः अकरावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास. तिची नजर देवानं दिली म्हणावी तर ती हसून म्हणायची, देवानं नाही जी, मायनं दिली. मला नकाशा बघून दहा मिनिटं लागायची तिथं ती नकाशाशिवाय तारा धरायची. मृग नक्षत्राला ती तिफन म्हणायची, पेरणीची तिफन. आमचे बरेचसे तरुण तारे तिथेच, तिफनीच्या खालच्या धुकटात. त्यांतला सात नंबर तिचा आवडता होता. का, ते तिला सांगता येत नव्हतं.

तरण्या मुलीनं बरडीवर एकटं कसं थांबायचं, म्हणून तिची आई रोज संध्याकाळी सोबत यायची. पोत्यावर शाल घेऊन बसायची आणि अंधारात चाचपडत तुरीच्या शेंगा सोलायची. दिवा लावायला बंदी, कारण उजेडानं डोळा बिघडतो. मी रोज आलो की विचारायचो, "काय करून राहिल्या काकू?" त्या म्हणायच्या, "शेंगा सोलून राहिली बापू, दिसत नाही का?" मी म्हणायचो, अंधारात कसं दिसंल? हा विनोद आम्ही दोन हिवाळे रोज केला आणि दोघंही रोज हसलो. काकूंना सगळ्या प्रकरणातलं एकच कळलं होतं. साहेबांनी सांगितलं होतं की जो भडका प्रत्यक्ष पाहील त्याचं नाव संस्थेच्या छापील यादीत जाईल, आणि हंगाम संपल्यावर आम्हा दोघांपैकी एकाला कायम करतील. काकू अधूनमधून मलाच विचारायच्या, "माह्या पोरीचं नाव छापून येईन का जी?" मी म्हणायचो, येईल की.

आता माझ्या जिभेबद्दल सांगावं लागेल. सौंसर-पांढुर्ण्याकडे आम्ही 'करतोय' म्हणत नाही, 'करून राहिलो' म्हणतो. जाऊन राहिलो, खाऊन राहिलो. म्हणजे काम चालू आहे, आत्ता, या घटकेला. कॉलेजला नागपूरला गेलो, तिथंही लोक हेच बोलतात. पण आमचे एक प्राध्यापक बाहेरचे होते. प्रयोगशाळेत त्यांनी विचारलं काय करतोस, मी म्हटलं, "सर, पाहून राहिलो." ते म्हणाले, "पाहून झालं, मग राहिलास कशाला? जा की घरी." वर्ग हसला. हसणाऱ्यांतले अर्धे स्वतः तेच बोलणारे होते. त्या दिवसापासून मी जीभ घासायला घेतली आणि वर्षभरात अशी घासली की मुलाखतीत साहेब म्हणाले, तुमचं मराठी छान आहे हो. मी काय सांगावं? म्हटलं, आमच्या घरी शुद्धच बोलतात. तेव्हा घरी माझे वडील, शाळामास्तर असूनही, रोज मला विचारायचे, "काय करून राहिला बे?"

साहेबांसमोर एक जीभ आणि काकूंसमोर दुसरी, असा माझा कारभार सुरू झाला.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारची गोष्ट. साहेब कामानं पुण्याला गेले होते. काचा संपल्या होत्या. नवी पेटी रेल्वेनं पांढुर्ण्याला आली, ती आणायला मी दुपारच्या बसनं गेलो. पेटी घेऊन परत फिरायचं होतं, पण बहीण पांढुर्ण्यालाच दिलेली. ती म्हणाली जेवून जा, मी थांबलो. भरीत होतं, गप्पा झाल्या, शेवटची बस गेली, आणि मी मुक्कामच ठोकला. सकाळी उठून पाहतो तर आमचे जावई अंगणात उन्हात पेटी उघडून बसलेले. काळा कागद उलगडून काच न् काच पाहून राहिले होते. म्हणाले, "तुम्ही बसमध्ये नेणार, म्हटलं एखादी फुटली तर नाही ना, पाहून घ्यावं." फुटली एकही नव्हती. उजेड लागून वाया मात्र सगळ्या गेल्या. जावयाला काय बोलणार! मी चहा घेतला आणि निघालो.

संध्याकाळी बरडीवर पोचलो तर प्रमिला वाटच पाहत होती. आदल्या संध्याकाळी ती आणि काकू दोघीच होत्या. मला पाहताच म्हणाली, "भाऊ, सात नंबर डोयासमोर चढून राहिला होता जी. मी म्हटलं माहे डोये गेले का काय." मी वही उघडली. तिच्या ठसठशीत अक्षरात तीन ओळी होत्या. आठ वाजून आठ मिनिटांनी, सात नंबर ख च्या वर, वाढून राहिला. आठ पंधराला, ढग. आठ चाळीसला ढग गेला, सात नंबर ग एवढा.

मी समजलो. काय झालं होतं ते मला एका क्षणात समजलं. तारा ग एवढा होता, आठ वाजून आठ मिनिटांनी ख ओलांडून वर चढत होता, आणि ढग निघेपर्यंत उतरून परत जागेवर आला होता. दोन हिवाळे आम्ही ज्याच्यासाठी थंडीत कुडकुडलो तो भडका हाच. मी म्हटलं, छान झालं. तोंडानं म्हटलं. मनात मात्र एवढंच आलं की ही वेळ मी दुर्बिणीजवळ असण्याची होती आणि मी भरीत खात होतो.

साहेब रविवारी आले. आधी काचांचं निघालं. मी खरं ते सांगितलं आणि दोन दिवस त्यांनी माझी जी काही हजेरी घेतली, ती आठवली की अजून कान गरम होतात. बेजबाबदार, अडाणी, कुठून पकडून आणलंय, वगैरे. बहिणीच्या घरचं जेवणही त्यातून सुटलं नाही. मंगळवारी दुपारी त्यांनी वही वाचायला घेतली. प्रमिला यायची होती. साहेब त्या ओळीवर थांबले.

ते म्हणाले, "वाढून राहिला. म्हणजे वाढला आणि तसाच राहिला, असंच ना?"

मी टेबल पुसत होतो. मला ठाऊक होतं की एका शब्दाचा प्रश्न आहे. नाही साहेब, आमच्याकडे याचा अर्थ 'वाढत होता', एवढं बोलायचं होतं. पण तेवढं बोलायला 'आमच्याकडे' म्हणावं लागलं असतं. दोन वर्षं ज्या घरात शुद्ध बोलतात असं सांगितलं, ते घर उघडं पडलं असतं. आणि दोन दिवस शिव्या खाऊन झाल्यावर मला साहेबांच्या तोंडून एकदा 'बरोबर' ऐकायचं होतं.

मी म्हटलं, "हो साहेब."

"तुमच्या भागात असंच म्हणतात ना?"

"आमच्या घरी असं बोलत नाहीत," मी म्हणालो, "पण अर्थ तोच."

हे माझे शब्द. एकही शब्द बदललेला नाही.

साहेब म्हणाले, मग झालं. भडका माथ्यावर थांबत नाही. हिचा तारा वाढला आणि तसाच राहिला, म्हणजे हिनं शेजारचा कायमचा उजळ तारा पाहिला आणि त्यालाच सात नंबर समजली. ढग गेल्यावर खरा सापडला, तो ग एवढाच. नवख्यांची नेहमीची चूक. माणूस म्हणून ते अन्याय करणारे नव्हते, म्हणून संध्याकाळी प्रमिला आल्यावर त्यांनी तिला स्वतः विचारलं. वाढून राहिला, असं तुम्ही लिहिलंय, ते खरं का? ती म्हणाली, हो सर. नक्की? नक्की, सर. तुम्ही नीट पाहिलंत, तो वाढून राहिला होता? ती म्हणाली, हो सर, वाढूनच राहिला होता. प्रत्येक 'हो' सरशी ती आपल्या हातानं आपली नोंद बुडवत होती आणि तिला वाटत होतं साहेबांना पटत चाललंय. एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दुर्बिणीची भिंगं पुसत होतो. चांगली लख्ख भिंगं होती, तरी पुसत होतो.

साहेबांनी लाल रेघ मारली. कारण लिहिलं, 'चुकीचा तारा'. सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. मीही सही केली.

इथं कुणी म्हणेल, शब्दाची लाज वाटली म्हणून तरुण पोरगा गप्प बसला, होतं असं. तसं म्हणू नका. लाज होतीच, पण कायम होणारी जागा एक होती आणि आम्ही दोघं होतो, हेही मला सही करताना आठवत होतं. आणि आणखी एक. ती नोंद माझ्या बहिणीची असती तर मी बोललो असतो. एखाद्या गुरुजींच्या, दुकानदाराच्या मुलीची असती तरी बहुधा बोललो असतो. गजभियांच्या पोरीचं चुकलं, यावर कुणी शंका घेणार नाही, हे मी धरून चाललो होतो. हे वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

हंगाम संपला. मी कायम झालो. प्रमिलाला पत्र आलं की पुढच्या हंगामात गरज नाही. शेवटच्या दिवशी काकूंनी जाताना मला तुरीच्या डाळीची पुरचुंडी दिली, बापू, घरी न्या म्हणून. मी घेतली. आईनं वरण केलं आणि मी जेवलो. वर्षभरात प्रमिलाचं लग्न झालं आणि ती तिगावला गेली. तिथं शाळेत तिला नोकरी लागल्याचं कुणीतरी सांगितलं.

पुढच्या वर्षी साहेब पुण्याला परतले आणि केंद्र माझ्या हाती आलं. तेव्हा लांबच्या एका डोंगरावरच्या वेधशाळेतून पत्र आलं. जुन्या काचा तपासताना त्यांना एका काचेवर आमच्या सात नंबरचा एक ठिपका जाडा दिसला होता. तारीख तीच, बुधवारची. वेळ आठ ते आठ दहा. त्या वेळी तुमच्याकडे कुणी हा तारा पाहत होतं का, असं त्यांनी अगदी अदबीनं विचारलं होतं. दोन ठिकाणचा पुरावा मिळाला तर नोंद पक्की होते, म्हणून.

मी वही काढली. लाल रेघेखाली तिचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. शेजारी माझी सही. खरं कळवायचं तर ती सही कशी झाली हेही कळवावं लागलं असतं, आणि पत्राची प्रत साहेबांकडे गेली असती. मी उत्तर लिहिलं, 'त्या संध्याकाळी आमच्याकडे ढग होते. उपयुक्त नोंद नाही.' ढग होते हे खरंच होतं. पाकीट चिकटवताना मी स्वतःला तेच सांगितलं.

दशक संपता संपता संस्थेनं केंद्र बंद केलं. सामानाची यादी करून सगळं परत पाठवलं. ती एक वही पाठवली नाही. यादीत तिच्यापुढे 'वाळवीने खराब' असं लिहिलं आणि ती घरी नेली. त्या वहीला वाळवी शिवली नव्हती. साहेबांच्या शिफारशीवर मला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. रुजू व्हायच्या आधी एक दिवस मी वही पिशवीत घातली आणि पांढुर्ण्याहून पॅसेंजरनं तिगावला उतरलो. का गेलो म्हणाल तर झोप लागत नव्हती, एवढंच सांगता येईल.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात काकू बसल्या होत्या, आता मुलीकडेच असायच्या. डोळ्यांना कमी दिसायचं, पण माझा आवाज त्यांनी ओळखला. पहिला प्रश्न हाच, "बापू, छापून आलं का पोरीचं नाव?" माझ्या तोंडून निघालं, येईल काकू. तेवढ्यात प्रमिला शाळेतून आली. तिनं पाणी दिलं, मी वही काढून तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, वेधशाळेचं पत्र, माझं दुसरं उत्तर. सांगताना मी छापील मराठी बोलत होतो. माझा गैरसमज झाला नव्हता, मी जाणूनबुजून खोटं सांगितलं, वगैरे.

तिनं पान काढलं, लाल रेघेवर बोट ठेवलं, ते सरकवत माझ्या सहीपाशी आणलं. मग हळूच म्हणाली, आई ऐकू नये अशा आवाजात, "भाऊ, तुमी माह्या मायले रोज इचारत होते, काय करून राहिल्या काकू. तवा माय शेंगा सोलून बसून राहत होती का जी? का सोलतच होती?"



मग तिनं वही परत दिली आणि म्हणाली, आता तरी खरं लिहून पाठवा, मायच्या हयातीत. मी कबूल केलं. तिनं चहा केला, मी प्यालो, गाडीला निघालो.

आणि मी लिहिलं नाही. कॉलेजची जागा साहेबांच्या शब्दावर मिळाली होती, रुजू झालो नव्हतो, म्हणून आधी ते होऊ दे म्हटलं. मग कायम होऊ दे म्हटलं. मग लग्न, मग मुलं. पुढं पुढं तर न लिहिल्याला इतकी वर्षं झाली की आता काय तोंडानं लिहू, हेच कारण झालं. काकू गेल्याचं मला पांढुर्ण्याला बहिणीकडे कळलं. मी तिगावला गेलो नाही. पाय उचलला नाही.

पत्र लिहिलं ते साहेब वारल्यावर. त्या वेळी मी सेवानिवृत्तही झालो होतो. मला धीर आला असा गैरसमज करून घेऊ नका. ज्याला तोंड दाखवायचं तो उरला नाही आणि जी जायची भीती ती नोकरीही उरली नाही, म्हणून लिहिलं. वहीच्या पानाचा फोटो जोडला, लाल रेघेसकट. नाव लिहिलं, निरीक्षक प्रमिला गजभिये, रामाकोना केंद्र.

संस्थेत आता सगळे नवे. जुन्या नोंदी संगणकावर चढवणाऱ्या एका तरुणाचं उत्तर आलं. डोंगरावरची ती काच यादीत आहे, ही नोंद तिच्याशी वेळेसकट जुळते, नाव जरूर जोडता येईल, फक्त एक शंका आहे, असं त्यानं लिहिलं होतं. शेऱ्यात 'वाढून राहिला' म्हटलं आहे, त्याचा अर्थ वाढून स्थिर झाला असा घ्यायचा का? तसं असेल तर मात्र अडचण आहे.

तोच प्रश्न. साहेबांचाच. मी त्या दिवशी टेबलाशी उभा होतो, आज खुर्चीत बसलो होतो. मी लिहिलं, नाही. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या बोलीत, जी माझ्या घरी जन्मापासून बोलतात, त्याचा अर्थ 'त्या क्षणी वाढत होता' असा होतो. दोन ओळींचं उत्तर. लिहायला पाच मिनिटं लागली नाहीत.

महिन्याभरानं यादीतली ती ओळ छापून आली. तिच्यात नाव होतं. मी भाच्याकडून प्रमिलाबाईंचा नंबर मिळवला आणि फोन केला. त्याही आता निवृत्त. मी ओळ वाचून दाखवली. मग त्या म्हणाल्या, माय असती तर तिले वाचून दाखवलं असतं. त्यांनीच मग विषय बदलला, आमच्याकडे कुणाही माणसाला विचारतात तसं विचारलं, "बाकी काय करून राहिले सध्या, भाऊ?"

छापील काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ते आलं नाही. मी म्हटलं, "काही नाही जी. लाज वाटून राहिली."

"राहू द्या," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कोणत्या अर्थानं राहू द्या, ते मी विचारलं नाही.